खाटेखालची जमीन

मुंबईत स्वस्तात खोली कुठे मिळेल? डोंबिवली-कल्याणकडे राहणाऱ्या माणसाला गावाकडून जे फोन येतात, त्यांत हा प्रश्न हमखास असतो. कुणाच्या वडलांची परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात तपासणी असते, कुणाच्या मुलीची मुलाखत अंधेरीला, कुणाला अमेरिकेच्या व्हिसासाठी बीकेसीतली तारीख मिळालेली असते. एका पिढीमागे हे कुणी विचारत नसे. माणूस पिशवी घेऊन सरळ दारात उभा राहायचा आणि रात्री पुढच्या खोलीत आणखी एक अंथरूण पडायचं. आता घर वन-बीएचके, दोघंही नोकरीवर, पोरांच्या परीक्षा. येणारा संकोचतो, आणि खरं सांगायचं तर आपणही 'अरे, घरीच ये' पूर्वीच्या जोरात म्हणत नाही. मग हॉटेलचा विषय निघतो, दादरचा नाहीतर अंधेरीचा दर ऐकून समोरचा गप्प होतो, आणि थोड्या वेळाने म्हणतो, "एसी नसला तरी चालेल. टीव्ही तर नकोच."

गफलत होते ती इथे. एसी नि टीव्ही वजा केले की खोली स्वस्त होईल, अशी आपली समजूत असते. पण लॉजच्या खोलीत असतं काय? प्लायवूडची खाट, फोमची गादी, दोन चादरी, पंखा, बादली-मग आणि अंगठ्याएवढा साबण. हे सगळं परभणीच्या स्टेशनसमोर जेवढ्याला पडतं, जवळपास तेवढ्यालाच परळला पडतं. चादरी बदलणाऱ्या पोराचा पगार मुंबईत थोडा जास्त, वीज-पाणी थोडं महाग. तरीही परभणीच्या भाड्याचं परळला तिप्पट-चौपट होतं. हा वरचा पैसा खोलीत कुठेच दिसत नाही, कारण तो खोलीच्या खाली असतो. मुंबईत रात्रीचं भाडं म्हणजे खाटेखालच्या जमिनीचं भाडं. तिथे मालकाशी टीव्हीवरून घासाघीस करून किती सुटणार?

हे ध्यानात आलं की शोधायची दिशा बदलते. जमिनीचं भाडं चुकवायचं तर जिथे जमीन स्वस्त आहे तिथे जायला हवं. नाहीतर जमीन कमी अडवायला हवी, किंवा कमी तास अडवायला हवी. आणि यातलं काहीच जमत नसेल तर जी जमीन कुणीतरी आधीच बाजारातून बाहेर काढून ठेवली आहे तिचा पत्ता काढायला हवा. अॅपवरची सवलत, कूपन, 'आज बुक करा' ही सगळी वरची मलमपट्टी. कराचंही तेच. हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता, जुलै २०२२ मध्ये तो १२ टक्के लागला आणि सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के झाला. फरक पडतो, नाही असं नाही. पण परळची खोली त्यामुळे परभणीची होत नाही.

जिथे जमीन स्वस्त तिथे, म्हणजे शीळफाट्यावर जाऊन पाहू. कल्याणहून निघाल्यावर काटई नाका मागे पडला, खिडकाळीच्या महादेवाचं देऊळ गेलं, की पुढे रस्त्याच्या कडेला 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाट्या दिसतात. खाली हॉटेल किंवा परमिट रूम, वर खोल्यांचे एक-दोन मजले, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या. इथून एक रस्ता मुंब्र्यावरून ठाण्याला जातो, एक तळोज्यावरून पनवेलला, एक डोंगर ओलांडून महापे-नवी मुंबईला आणि एक मागे कल्याणला. चार दिशांना जाणारं सगळं इथे येऊन तुंबतं. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेली मोटार ठाणे, कळवा, मुंब्रा करत याच वाटेने पनवेलला जायची. पूल झाला, पुण्याची माणसं गेली, ट्रक मात्र राहिले. ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना ठरावीक वेळीच प्रवेश असतो, त्यामुळे बाकीचे तास ड्रायव्हरने कुठेतरी काढायचे असतात. जिथे माणसाला थांबावंच लागतं, तिथे भात, चहा आणि खाट मिळायला लागते. ते कुणाला ठरवावं लागत नाही.

आता ही जमीन स्वस्त का राहिली? मुंबई परिसरात जागेचा भाव स्टेशनपासून किती मिनिटं यावर ठरतो, आणि शीळफाट्याला स्टेशन नाही. दिवा, मुंब्रा, डोंबिवली यांपैकी कुठेही जायचं तर रिक्षा किंवा बस. निळजे आणि दातिवली नकाशात जवळ दिसतात, पण ती दिवा-पनवेल मार्गावरची. तिथे मिनिटामिनिटाला लोकल नाही, दिवसाकाठी मोजक्या गाड्या. म्हणजे इथली खोली स्वस्त आहे ती गैरसोयीमुळे, आणि ती गैरसोय तुम्ही भाड्यात देत नसलात तरी रस्त्यात देताच.

हिशेब मांडून पाहा. समजा फाट्यावर नॉन-एसी खोली बाराशेला मिळाली आणि दादरला तशीच तीन हजारांना. अठराशे वाचले. आता काम आहे परळला, सकाळी आठ वाजता, आणि सोबत सत्तरीचे वडील. साडेपाचला उठून रिक्षाने डोंबिवली किंवा दिवा गाठायचं. तिथून तिकीट पंधरा रुपयांच्या आतबाहेर, पण त्या वेळच्या लोकलमध्ये आजारी माणसाला चढवणं हे पंधरा रुपयांचं काम नव्हे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं रुळांवर पडली आणि दगावली, ती याच पट्ट्यात. मग टॅक्सी करायची. महापे किंवा ठाण्याच्या कोंडीतून परळपर्यंत जाऊन येण्यातच अठराशेतले बरेचसे संपले. रात्री उशीर झाला तर आणखी पंचाईत. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असतात आणि तेवढ्या वेळात फाटा दादरपासून आहे त्याहून दुप्पट लांब जातो.

याचा अर्थ फाट्यावरची खोली वाईट असा नाही. काम कुठे आहे त्यावर ती स्वस्त की महाग ते ठरतं. महापेच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीची मुलाखत असेल, तळोज्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आठवडाभर माणूस आलेला असेल, खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच कर्करोग केंद्रात, तारीख असेल, तर दादरला उतरून उलटं येणारा माणूस दोनदा फसतो. डोंबिवली-कल्याणहून महापे-वाशीकडे जाणाऱ्या एनएमएमटीच्या बसगाड्या याच रस्त्याने जातात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे दर अनेक पटींनी चढले होते. खाटा त्याच, चादरी त्याच. तीन रात्रींपुरती जमीन महागली होती, एवढंच.

लॉजच्या काउंटरवरचा एक प्रकार मात्र आधी माहीत असलेला बरा.

"आधार दाखवा. दोघांचंही."

"हे घ्या."

"डोंबिवलीचा पत्ता आहे दादा. लोकल आयडी नाही चालत आपल्याकडे."

पोरं चक्रावतात. पावसात अडकलेली, शेवटची बस चुकलेली, खिशात पैसे असलेली माणसं, पण पत्ता जवळचा म्हणून खोली नाही. जवळच राहणाऱ्याला खोली कशाला हवी, या संशयातून आणि पोलिसांच्या फेऱ्यांच्या धास्तीतून बऱ्याच लॉजवाल्यांनी हा नियम आपला आपणच करून टाकला आहे. कायद्यात असं काही नाही, पण रात्री साडेअकराला मॅनेजरशी कायदा बोलून उपयोग नसतो. फोनवर आधीच विचारून घ्यावं. चेक-आउट दुपारी बाराला की आल्यापासून चोवीस तास, हेही त्याच फोनमध्ये विचारावं. रात्री अकराला शिरणाऱ्याला बाराचं चेक-आउट म्हणजे तेरा तास. तेच भाडं दुसरीकडे चोवीस तासांना. खोली मागच्या बाजूची मागावी. पुढच्या खोलीत रात्रभर एअर ब्रेकचे सुस्कारे ऐकू येतात आणि उताराला लागलेला कंटेनर खिडकीतूनच चाललाय असं वाटतं.

जमीन स्वस्त करण्याची आणखी एक तऱ्हा या भागात आहे, ती सांगायला नको वाटते, पण टाळता येत नाही. परवानगी न घेता, निकृष्ट माल वापरून, घाईने बांधलं की जागा स्वस्त पडते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघरमधली लकी कंपाउंडची इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ते लॉज नव्हतं, राहती आणि वर अजून बांधली जाणारी इमारत होती. पण तिथे राहायला गेलेल्यांनीही हाच हिशेब केला होता: इतक्या कमी पैशांत डोक्यावर छप्पर. खोली पाहायला वर जाल तेव्हा दुसरा जिना आहे का, खिडकीला पक्के गज ठोकलेत का, एवढं तरी डोळ्यांखालून घालावं. कुठल्या गोष्टीत पैसे वाचवलेत हे मालक सांगणार नाही, इमारत थोडंफार सांगते.

वेळ कमी अडवण्याचं तंत्र आपल्या लोकांना हॉटेलवाल्यांच्या आधीपासून अवगत आहे. विदर्भ एक्सप्रेस किंवा देवगिरीने निघायचं, पहाटे कल्याणला उतरायचं, दिवसभर काम उरकायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. दोन रात्री बर्थवर गेल्या, मुंबईच्या जमिनीला पाठ लागलीच नाही. स्लीपरचा बर्थ हे या देशातलं सगळ्यांत स्वस्त लॉज आहे आणि ते झोपल्याझोपल्या तुम्हाला गावालाही पोचवतं. अशा माणसाला मधे हवी असते ती खोली नव्हे, नहाणी. तोंड धुवायला, आंघोळीला, इस्त्रीचा शर्ट घालायला दीड-दोन तास. त्यासाठी चोवीस तासांची खोली घेणं म्हणजे कपभर दुधासाठी म्हैस विकत घेणं. स्टेशनातल्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी याच गरजेतून आल्या. तिकिटाचा पीएनआर असेल तर आयआरसीटीसीवरून बारा किंवा चोवीस तासांसाठी मिळतात, आणि उतरण्याच्या नाहीतर चढण्याच्याच स्टेशनात. वांधा एकच: हे ठाऊक असलेल्यांची संख्या खोल्यांच्या मानाने फार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनात आयआरसीटीसीचं पॉड हॉटेल सुरू झालं, तेव्हा बारा तासांचे ९९९ रुपये होते. माणूस आडवा होईल एवढा कप्पा, आत दिवा, चार्जिंग, एसी. जागा कमी आणि तासही कमी, दोन्ही काटछाटी एकदम. एकट्यादुकट्याला उत्तम. आजारी आई, बायको आणि तीन बॅगा घेऊन आलेल्याच्या मात्र उपयोगाचं नाही.

आणि मुंबईत येऊन खोली शोधणाऱ्यांत असा माणूसच जास्त असतो. त्याला लांब जाता येत नाही, जागा कमी करता येत नाही, तास तर मुळीच कमी करता येत नाहीत, कारण केमोच्या तारखा महिनोन्महिने चालतात. त्याच्यासाठी उरते ती बाजारातून बाहेर काढलेली जमीन. मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मुंबई एकेकाळी यावरच चालली.

धोबीतलावच्या जेर महल इमारतीत गोव्याच्या गावागावांचे क्लब आहेत, त्यांना कुड म्हणतात. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा गोवेकर मुंबईला यायचा, आपल्या गावच्या कुडात ट्रंक ठेवायचा, जहाज मिळेपर्यंत तिथेच झोपायचा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची, भाडं नावापुरतं. गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या कोकणातल्या गावांच्या खोल्या याच जातीच्या. खोली गावकीची, भिंतीलगत पेट्यांची रांग, ज्याला जशी पाळी तसा तो झोपणार. एकाच पथारीवर रात्रपाळीचा माणूस दिवसा आणि दिवसपाळीचा रात्री. जमीन थोडी नि तासही वाटून घेतलेले, हे मुंबई सेंट्रलच्या पॉडच्या कितीतरी आधी गिरणगावात चालू होतं, फरक एवढाच की तिथे एसी नव्हता आणि खोली मालकीची नसली तरी गावाच्या हक्काची होती. जेवण खानावळवालीकडे. त्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढची हकिकत सगळ्यांना माहीत आहे. गिरणी गेली, मग गिरणीखालची जमीन बाजारात आली. जिथे पथारीचं भाडं महिन्याला ठरायचं तिथे चौरस फुटाचा भाव बोलला जायला लागला.

गाडगेबाबांना हे सगळं कुठल्याही अर्थशास्त्र्याच्या आधी कळलेलं होतं. देवळापेक्षा धर्मशाळा बांधा, हा त्यांचा आग्रह भाबड्या भूतदयेतून आलेला नव्हता. गरीब माणूस तीर्थाला किंवा दवाखान्याला आला की त्याला अन्नाआधी पाठ टेकायला जागा लागते, आणि ती जागा तिथेच लागते, दहा मैलांवर नव्हे. म्हणून त्यांच्या धर्मशाळा पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा गर्दीच्या ठिकाणी आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली, म्हणजे ही जमीन कुणा वारसाच्या नावावर लागणार नाही याची तजवीजही केली. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटाचे रुग्ण आणि नातेवाईक नाममात्र शुल्कात राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. कर्करोग झालेल्या मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, त्यातलं एक कॉटन ग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या इमारतींत. या सगळ्यांमागे एक गोष्ट समान दिसते. कुणीतरी जमीन दिली आणि तिचं भाडं मागायचं नाही असं ठरवलं. बाकी झाडलोट, स्वयंपाक, देणग्या हे सगळं त्यावर उभं राहतं. जमीन नसती तर काहीच राहिलं नसतं. इथे जागा मिळवायची तर हॉटेलसारखं फोन करून भागत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात कागद दाखवावे लागतात, त्यांची चिठ्ठी लागते, अनेकदा थांबावं लागतं. टाटाबाहेरच्या फुटपाथवर पथाऱ्या दिसतात त्या या थांबण्याच्या.

ही जमीन बाजाराबाहेर काढणं किती अवघड असतं याचा एक नमुना २०२१ मध्ये दिसला. म्हाडाने टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी शंभर सदनिका द्यायचं ठरवलं, किल्ल्याही दिल्या गेल्या. करी रोडच्या ज्या इमारतींत त्या होत्या तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि लगेचच बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारातल्या सदनिकांचा पर्याय काढण्यात आला. हरकत घेणारेही एका परीने गिरणगावचेच. त्यांना नुसतं दुष्ट ठरवून मोकळं होण्यात अर्थ नाही. रोज नवा माणूस, नवा आजार, लिफ्टमध्ये अनोळखी चेहरे. आणि बोलून न दाखवलेली भीती ही की आपल्या फ्लॅटचा भाव उतरेल. पथारी वाटून घेणाऱ्यांच्या नातवंडांकडे आता जपायला भाव आहे.

शीळफाट्यावरही भाव यायला लागला आहे. निळजे-काटईच्या शेतांत पलावा गृहसंकुलाचे मनोरे उभे राहून वर्षं झाली. कल्याण-तळोजा मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध आले. बुलेट ट्रेनचा बीकेसीहून निघणारा एकवीस किलोमीटरचा बोगदा, ज्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात, तो शीळफाट्याला जमिनीवर येतो. गाडी मात्र इथे थांबणार नाही, स्थानक पलीकडे म्हातार्डीला. तरीही फाट्याच्या आसपासच्या मालकांनी गुंठ्याचा आकडा बदलला असणारच, तेवढं कारण आपल्याकडे पुरतं. लॉजचा मालक अशा वेळी खोलीचं भाडं फारसं वाढवत नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक ड्रायव्हर आणि फिटर. त्याला दोनशे जास्त सांगितले तर तो केबिनमध्ये झोपेल. मालक काही वर्षं वाट बघतो, मग एक दिवस बिल्डरबरोबर बसतो आणि वीस खोल्यांचं लॉज पाडून तिथे टॉवर येतो. पाट्या तेव्हा तळोज्याकडे नाहीतर खोणीकडे सरकतील. नेमक्या कुठे, ते वाहतूक शाखा अवजड गाड्यांना कुठे अडवते त्यावर ठरेल.